अमेरिकेतली संशोधन परिषद: अल्पसंख्याक विज्ञान-विद्यार्थ्यांनी प्रवासाचे पैसे कसे उभे करावेत

अमेरिकेत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना परिषदेला जायला पैसे मिळत नाहीत, ही तक्रार निम्मीच खरी आहे. पैसे असतात. पण ते चार-पाच ठिकाणी विखुरलेले असतात, प्रत्येक ठिकाणची अर्जाची तारीख वेगळी असते, आणि बहुतेक ठिकाणी आधी पदरचे खर्च करून मग परत मागावे लागतात. घरची परिस्थिती बेताची असलेला विद्यार्थी नेमका इथेच अडतो. म्हणून या लेखात ‘कोण किती देतं’ यापेक्षा ‘कोणाकडे कधी मागायचं आणि आधी पैसे कोण भरणार’ यावर जास्त लिहिलं आहे.

लेख विद्यार्थ्यांसाठी आहेच, पण अमेरिकी विद्यापीठांत प्रयोगशाळा चालवणाऱ्या किंवा पोस्टडॉक करणाऱ्या मराठी मंडळींसाठीही आहे. तुमच्या हाताखाली काम करणारी कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा मूलनिवासी मुलगी परिषदेत मांडायचं संशोधनाचं पोस्टर तयार करून बसलेली असते आणि पैशांचा विषय काढायला संकोचते. तो विषय तुम्हीच काढायचा असतो.

आधी पात्रता पाहा

‘अल्पसंख्याक’ म्हणजे कोण, याचं उत्तर अमेरिकेत विषयागणिक बदलतं. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २०१९ मध्ये काढलेल्या सूचनेत संशोधनात कमी प्रमाणात असलेल्या गटांची यादी दिली होती: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, अमेरिकन इंडियन व अलास्कातले मूलनिवासी, हवाई आणि पॅसिफिक बेटांवरचे मूलनिवासी. त्याच सूचनेत अपंग विद्यार्थी होते आणि आर्थिक-सामाजिक दृष्ट्या मागे पडलेलेही होते. या शेवटच्या गटासाठी ठरावीक निकषांपैकी किमान दोन पूर्ण व्हावे लागत: आई-वडिलांपैकी कोणीच पदवीधर नसणं, पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत) मिळणं, शाळेत सवलतीच्या जेवणाला पात्र असणं, लहानपणी फॉस्टर केअरमध्ये (सरकारने सोपवलेल्या दुसऱ्या कुटुंबात) किंवा बेघर राहिलेलं असणं, ग्रामीण भागात वाढणं, वगैरे.

भारतीय वंशाचे विद्यार्थी वंशाच्या यादीत येत नाहीत. त्यामुळे ‘मी ब्राउन आहे, म्हणजे हे माझ्यासाठी’ असं गृहीत धरून अर्ज करू नका. पण घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेला, पेल ग्रँटवर शिकणारा किंवा अपंगत्व असलेला मराठी विद्यार्थी दुसऱ्या दाराने पात्र ठरू शकतो. ते दार बरेच जण तपासतच नाहीत.

दोन गोष्टींमुळे हे सगळं हललं आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रकरणात वंशाधारित प्रवेशाविरुद्ध निकाल दिला. मग जानेवारी २०२५ मध्ये विविधतेच्या सरकारी कार्यक्रमांविरुद्ध अध्यक्षीय आदेश निघाले. काही योजना बंद झाल्या, काहींची नावं बदलली, काहींच्या अर्जातून वंशाचा रकाना गेला आणि ‘तुमचा इथवरचा प्रवास लिहा’ असा प्रश्न आला. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर जुन्या याद्या मात्र तशाच लटकलेल्या आहेत. कुठल्याही योजनेसाठी निबंध लिहायला बसण्याआधी तिथल्या समन्वयकाला दोन ओळींची ईमेल टाका: यंदा ही योजना चालू आहे का, आणि मी पात्र आहे का?

नागरिकत्वाचा प्रश्न वेगळा. केंद्र सरकारच्या पैशांवर चालणारे प्रशिक्षण कार्यक्रम बहुधा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरते असतात. व्यावसायिक संस्थांचे, म्हणजे सोसायट्यांचे, ट्रॅव्हल अवॉर्ड (परिषदेच्या प्रवासासाठी दिलेली रक्कम) आणि विद्यापीठाचा स्वतःचा निधी अनेकदा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्यांनाही खुला असतो. विचारल्याशिवाय ‘मला चालणार नाही’ असं ठरवू नका.

कुठली परिषद

पैशांची सोय परिषदेपासूनच सुरू होते, कारण काही परिषदा याच विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिल्या आणि प्रवासखर्च हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

सॅकनस ही संस्था १९७३ मध्ये चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन), हिस्पॅनिक आणि मूलनिवासी अमेरिकन शास्त्रज्ञांनी सुरू केली. तिची राष्ट्रीय परिषद शरद ऋतूत भरते, आणि विद्यार्थ्यांसाठी प्रवास, मुक्काम व नोंदणीचा भार उचलणारी शिष्यवृत्ती हे तिचं मोठं आकर्षण. जीववैद्यकीय विषयांसाठी एबीआरसीएमएस ही परिषद आहे. २००१ पासून भरणारी, अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीने उभी केलेली, साधारण नोव्हेंबरातली. पदवीच्या विद्यार्थ्याने आयुष्यातलं पहिलं पोस्टर लावायला हिच्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल, कारण परीक्षक पोस्टरपाशी थांबतात, प्रश्न विचारतात आणि नंतर लेखी अभिप्रायही देतात. मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी १९७७ मध्ये स्थापन झालेली एआयएसईएस आहे. अभियांत्रिकीत हिस्पॅनिक विद्यार्थ्यांसाठी १९७४ ची एसएचपीई आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी १९७५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात सुरू झालेली एनएसबीई. कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञांची नोबची आणि भौतिकशास्त्रज्ञांची एनएसबीपी याही जुन्या संस्था.

भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलींसाठी अमेरिकन फिजिकल सोसायटीची पदवीस्तरावरची परिषद जानेवारीत एकाच वेळी अनेक विद्यापीठांत भरते. जवळच्या केंद्रात जायचं असल्याने विमानाचा खर्च बऱ्याचदा वाचतो, आणि राहण्या-जेवण्याचं बघायचं काम यजमान केंद्राचं.

दुसरा मार्ग विषयाच्या मोठ्या परिषदेचा: अमेरिकन केमिकल सोसायटीच्या वर्षातून दोनदा भरणाऱ्या बैठका, अमेरिकन जिओफिजिकल युनियनची डिसेंबरातली बैठक, सोसायटी फॉर न्यूरोसायन्सचं अधिवेशन. इथे गर्दी हजारोंची, पण सोसायटीचे ट्रॅव्हल अवॉर्डही अनेक. न्यूरोसायन्सवाल्यांचा दोन वर्षांचा स्कॉलर्स कार्यक्रम तर परिषदेच्या प्रवासासोबत मार्गदर्शनही देतो. माझं मत विचाराल तर पदवीच्या विद्यार्थ्याने आधी पहिल्या प्रकारची परिषद धरावी आणि पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून दुसऱ्या प्रकारची. हजारोंच्या सभागृहात पहिलं पोस्टर घेऊन एकटं उभं राहणं फार अंगावर येतं.

तारखा उलट मोजा

परिषद नोव्हेंबरात असेल तर काम मार्च-एप्रिलात सुरू होतं. ट्रॅव्हल अवॉर्डची मुदत बऱ्याच ठिकाणी ॲब्स्ट्रॅक्टच्या (परिषदेला पाठवायच्या संशोधनाच्या सारांशाच्या) मुदतीबरोबरच, कधी तिच्याही आधी संपते. म्हणजे ‘आधी स्वीकारलं जाऊ दे, मग पैशांचं बघू’ हा क्रम चुकीचा. ॲब्स्ट्रॅक्ट आणि अवॉर्डचा अर्ज एकाच आठवड्यात तयार करायचा. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान तीन आठवडे द्या, आणि सोबत तुमचा ॲब्स्ट्रॅक्ट, बायोडेटा व मुदतीची तारीख एकाच ईमेलमध्ये पाठवा. त्यांना शोधाशोध करावी लागली की पत्र गुळगुळीत होतं.

डिपार्टमेंट आणि विद्यार्थी संघटनेचे निधी बहुतेक ठिकाणी जुलैपासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षाने चालतात. सत्राच्या सुरुवातीला अर्ज करणाऱ्याला मिळतात. एप्रिलपर्यंत डबा रिकामा झालेला असतो.

मागायचं कोणाकडे, आणि कोणत्या क्रमाने

पहिला थांबा परिषद आणि तिची सोसायटी. पूर्ण ट्रॅव्हल अवॉर्ड नसेल तर नोंदणी शुल्कात माफी, स्वयंसेवक म्हणून काही तास काम करून शुल्क वाचवणं, हॉटेलात खोली वाटून घ्यायला जोडीदार मिळवून देणारी यादी, लहान मूल असेल तर बालसंगोपनाचं अनुदान हे सगळं असू शकतं. सोसायटीचं विद्यार्थी सदस्यत्व स्वस्त असतं आणि सदस्यांचं नोंदणी शुल्क कमी असतं. अर्ज करण्यापूर्वी सदस्य व्हा, कारण काही अवॉर्ड फक्त सदस्यांनाच मिळतात.

दुसरा थांबा तुम्ही ज्या कार्यक्रमात आधीच आहात तो. १९९१ पासून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या, म्हणजे एनएसएफच्या, निधीवर चाललेला एलएसएएमपी हा ओहायोचे काँग्रेस सदस्य लुई स्टोक्स यांच्या नावाचा कार्यक्रम अनेक विद्यापीठांच्या गटांमध्ये राबवला गेला. शिक्षण खात्याच्या निधीवर चाललेला मॅकनेअर स्कॉलर्स कार्यक्रम आहे भौतिकशास्त्रज्ञ आणि अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाचा. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत त्यांचा मृत्यू झाला. त्यात निदान दोन-तृतीयांश विद्यार्थी कमी उत्पन्नाच्या घरातले आणि कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या पिढीतले असावे लागतात. बाकीचे उच्चशिक्षणात कमी प्रमाणात असलेल्या गटांतले. अशा कार्यक्रमाच्या वार्षिक अंदाजपत्रकात विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी तरतूद केलेली असते, आणि वर्षअखेर ती खर्च न होता पडून राहिलेली असू शकते. समन्वयकाला थेट विचारा.

तिसरा थांबा तुमचे मेंटॉर किंवा पीआय, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक. संशोधनाच्या ग्रँटमध्ये ‘ट्रॅव्हल’ नावाचा रकाना असतो. तिथून विद्यार्थ्याला पाठवता येतं, मात्र तुमचं पोस्टर त्या ग्रँटच्या कामावरचं हवं. मागताना ‘सगळा खर्च द्याल का?’ असं विचारण्यापेक्षा ‘एवढं दुसरीकडून मिळवतोय, एवढी तूट आहे’ असं सांगितलं की होकार सोपा जातो.

मग डिपार्टमेंट, डीनचं कार्यालय, पदवीस्तरीय संशोधन कार्यालय, ग्रॅज्युएट स्कूल, विद्यार्थी संघटना आणि ऑनर्स कॉलेज. एकेका ठिकाणी रक्कम छोटी, पण अर्ज एका पानाचा. हे सगळे एकमेकांना विचारतात: ‘दुसरं कोण देतंय?’ म्हणून सगळीकडे तोच एक अंदाजपत्रकाचा कागद जोडा.

तो कागद

समजा चार रात्रींची परिषद आहे. एक नमुना असा, रकमा निव्वळ उदाहरणादाखल:

विमान ३८० डॉलर. हॉटेल रात्रीला २२०, दोघांत वाटून चार रात्रींचे ४४०. नोंदणी २५०. जेवण २४०. विमानतळ ते हॉटेल आणि स्थानिक प्रवास ९०. पोस्टर छपाई ६०. बॅगेचं शुल्क ७०. एकूण १,५३० डॉलर.

खाली येणारे पैसे: सोसायटीचा अवॉर्ड ७५० (मंजूर), डिपार्टमेंट ३०० (अर्ज केला), विद्यार्थी संघटना २५० (अर्ज केला), तूट २३०, ती मेंटॉरच्या ग्रँटमधून मागितली आहे.

प्रत्येक रकमेपुढे ‘मंजूर’ की ‘अर्ज केला’ हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. एकाच खर्चासाठी दोन ठिकाणांहून पैसे घेणं हा गैरव्यवहार ठरतो, मग तो कितीही नकळत झालेला असो. हॉटेल कोणाकडून आणि विमान कोणाकडून हे आधीच वाटून टाकलं की हा घोळ होत नाही.

जेवणाचा आकडा मनाने टाकू नका. सरकारच्या जीएसए कार्यालयाने शहरागणिक मुक्कामाचे आणि जेवणाचे दर ठरवलेले असतात आणि बहुतेक विद्यापीठं तेच मानतात. प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी जेवणाचा दर ७५ टक्के धरतात. परिषदेत जेवण मिळणार असेल तर तेवढं वजा करा. तपासणारा माणूस हे बघतोच.

अर्जात काय लिहायचं

इथे विद्यार्थी दोन टोकांना जातात. एक जण गरिबीची करुण कहाणी लिहितो, दुसरा ‘विज्ञानाची मला लहानपणापासून आवड आहे’ असं लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्या समितीला दोन्हींचा कंटाळा आलेला असतो. तिला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: तुम्ही काय शोधलंत, ही परिषदच का, आणि आमच्या पैशाशिवाय तुम्ही येऊ शकला नसता का.

‘ही परिषदच का’ याला बहुतेकांचं उत्तर असतं, ‘नेटवर्किंगसाठी’. हे बाद समजा. त्याऐवजी असं लिहा: ‘मी मातीतल्या जिवाणूंच्या प्रतिजैविक-प्रतिकारावर काम करते. या परिषदेत याच विषयाचं सत्र आहे. पुढच्या वर्षी मी पीएचडीला अर्ज करणार आहे आणि ज्या तीन विभागांत अर्ज करायचा आहे त्यांचे भरती प्रतिनिधी तिथल्या प्रदर्शनात आहेत.’ तीन वाक्यं, पण तिन्ही तपासता येतात.

स्वतःच्या पार्श्वभूमीबद्दल लिहायचं असेल तर तिचा कामाशी असलेला धागा दाखवा. आठवड्याला वीस तास नोकरी करून प्रयोगशाळेत काम केलंत, तर ते लिहा, आणि त्यातून काय साध्य केलंत तेही लिहा. जेवढं सांगायला तुम्हाला बरं वाटतं तेवढंच सांगा. दुःख विकायला ठेवण्याची कुणाला गरज नाही, आणि तशी मागणी करणारा अर्ज असेल तर तो सोडून द्यायलाही हरकत नाही. आर्थिक गरज आकड्यांत सांगा. अंदाजपत्रकाची तूट हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

आधी पैसे भरणार कोण

अवॉर्ड मिळाला, अभिनंदनाचं पत्र आलं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की रक्कम परिषदेनंतर पावत्या दिल्यावर मिळेल. ज्याच्या क्रेडिट कार्डाची मर्यादाच पाचशे डॉलर आहे त्याने काय करायचं? अवॉर्ड मिळूनही विद्यार्थी गेले नाहीत अशी उदाहरणं याच ओळीमुळे घडतात.

पत्र आल्या दिवशीच विचारा. विद्यापीठात बहुतेक ठिकाणी यावर उपाय असतो, फक्त तो कुणी आपणहून सांगत नाही. डिपार्टमेंटचा प्रशासकीय सहायक विमानाचं तिकीट विद्यापीठाच्या कार्डावर थेट काढू शकतो. नोंदणी शुल्कही तसंच भरता येतं. हॉटेलला विद्यापीठाकडून कार्ड-अधिकारपत्र पाठवता येतं. काही ठिकाणी प्रवासासाठी आगाऊ रक्कम मिळते, काही ठिकाणी आर्थिक साहाय्य कार्यालय अल्पमुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं. विचारायची ईमेल साधी ठेवा: ‘मला हा खर्च आधी करणं शक्य नाही. तिकीट आणि हॉटेल थेट विद्यापीठाकडून भरता येईल का?’ यात लाजण्यासारखं काही नाही. या सहायक मंडळींशी नीट बोलणं हा अमेरिकी विद्यापीठातला सर्वांत उपयोगी गुण आहे, हे प्राध्यापकही कबूल करतील.

मेंटॉर मंडळींनी इथे लक्ष द्यावं. विद्यार्थ्याला पाठवायचं ठरलं की पहिलं वाक्य ‘तिकीट आपण काढू’ हे असू द्या.

हॉटेलची आणखी एक अडचण. खोलीचे पैसे भरलेले असले तरी काउंटरवर आल्यावर तुमच्या कार्डावर अनामत रक्कम काही दिवस अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड असेल तर तेवढे पैसे खात्यातून गायब झाल्यासारखे दिसतात आणि जेवणाची पंचाईत होते. काही हॉटेलं २१ वर्षांखालच्यांना खोलीच देत नाहीत. दोन्ही गोष्टी आधी फोन करून विचारा.

निघण्यापूर्वी

७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानासाठीही रिअल आयडीच्या, म्हणजे केंद्र सरकारने ओळखपत्रांसाठी ठरवलेल्या, निकषांत बसणारं ओळखपत्र किंवा पासपोर्टसारखा पर्याय लागतो. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या मूलनिवासी राष्ट्रांची छायाचित्र असलेली ओळखपत्रंही चालतात. परिषद देशाबाहेर असेल तर एफ-१ विद्यार्थ्यांनी आय-२० वरची (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावरची) प्रवासाची सही १२ महिन्यांच्या आतली आहे ना, आणि परत येण्यासाठी व्हिसा वैध आहे ना हे बघावं. डाका (DACA) योजनेखालच्या, म्हणजे लहानपणी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आणलेल्या विद्यार्थ्यांनी ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, मिळाल्याशिवाय देशाबाहेर जाऊच नये. शिवाय केंद्रीय ग्रँटच्या पैशांनी परदेशी जायचं असेल तर ‘फ्लाय अमेरिका’ नियमाप्रमाणे साधारणपणे अमेरिकी विमान कंपनीचंच तिकीट लागतं. स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या कंपनीचं काढलंत तर पैसे परत मिळणं कठीण.

पोस्टर कापडावर छापून घ्या. घडी घालून बॅगेत जातं, नळकांड्याचं वेगळं ओझं आणि शुल्क दोन्ही वाचतात. आकार परिषदेच्या सूचनेतूनच घ्या.

पावत्या आणि कर

प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. हॉटेलची निघतानाची तपशीलवार पावती मागून घ्या. कार्डाचं स्टेटमेंट त्याऐवजी चालत नाही. हिशोब ६० दिवसांच्या आत द्यावा असा दंडक अमेरिकी करनियमांवरून आला आहे आणि अनेक विद्यापीठं तो काटेकोर पाळतात. उशीर झाला की तीच रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते.

पावत्यांवर परत मिळालेली रक्कम आणि हातात रोख दिलेला अवॉर्ड यांत फरक आहे. शिष्यवृत्ती म्हणून मिळालेला पैसा प्रवासावर किंवा राहण्यावर खर्च झाला तर तो करपात्र ठरतो. एफ-१ किंवा जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीच्या) व्हिसावरच्या अनिवासी विद्यार्थ्यांच्या अशा रकमेतून साधारणपणे १४ टक्के कर आधीच कापला जातो, दोन देशांतल्या करविषयक करारातून सूट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अवॉर्ड देणाऱ्याला विचारा की पैसे कुठल्या स्वरूपात येणार. विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयालाही कळवा, कारण बाहेरून आलेली शिष्यवृत्ती कधीकधी तुमच्या इतर मदतीतून वजा होते. पावत्यांवरची परतफेड म्हणून नोंद झाली तर हा प्रश्न सहसा येत नाही.

नकार आला तर

प्रतीक्षायादी आहे का ते विचारा. अवॉर्ड मिळालेले काही जण शेवटच्या आठवड्यांत रद्द करतात आणि आयोजकांना ती जागा भरायची असते. ‘जागा रिकामी झाली तर मी यायला तयार आहे, ॲब्स्ट्रॅक्ट स्वीकारलेला आहे’ एवढी एक ओळ पाठवून ठेवा. तोवर परत करता न येणारं तिकीट काढू नका. पैशांची सोय झालीच नाही तर ॲब्स्ट्रॅक्ट मागे घेण्याची तारीख उलटण्याआधी आयोजकांना कळवा, ऑनलाइन सादरीकरणाची सोय आहे का ते पाहा, आणि तोच ॲब्स्ट्रॅक्ट, तेच अंदाजपत्रक, तेच शिफारसपत्र घेऊन वसंत ऋतूतल्या परिषदेच्या अर्जाला लागा.